पान उलटण्याआधी

समईच्या बाजूची पाकळी आधी वाळते. कौल लावताना पिंडीच्या उजव्या-डाव्या बाजूंना पाण्याने चिकटवलेली कण्हेरीची पाकळी ओल असेतोवर टिकते. मग तिची एक कड उचलली जाते आणि ती गळून पडते. पेडगावच्या महादेवाच्या गाभाऱ्यात समई डावीकडे होती. तिसऱ्या सोमवारी गंगम्माच्या हे ध्यानात आले, पण तिने समई हलवली नाही.

"परत डावा कौल," बसवंतराव म्हणाले. "द्येव न्हाईच म्हनायलाय, गंगे."

गंगम्मा त्यांची धाकटी, विधवा बहीण. मठाच्या ओसरीत ती मुलींना शिकवी. सरकारातून बोलावणे आले होते: औरंगाबादेला वर्षभर तालीम घेऊन आलीस तर शाळा चालेल, नाहीतर बंद. जावे की नाही, त्याचाच हा कौल; जवाब आजच द्यायचा होता.

"बाईमानसाला कशाची तालीम?" बसम्मावहिनी म्हणाली. "कुस्त्या खेळायच्यात का?"

गंगम्मा हसली आणि शाळेकडे निघाली. खरे तर कौलाचा तिलाही आधार वाटे. देव नाही म्हणाला, की आपल्याला काही म्हणावे लागत नाही.

ओसरीत तिने पुस्तक उघडून शेळीच्या गोष्टीचे नुसते चित्र दाखवले. रिकामा खुंटा, तुटलेले दावे, दारात कपाळाला हात लावून उभी म्हातारी. तिचा नेमच होता: गोष्ट वाचण्याआधी पुढे काय होईल ते प्रत्येकीने सांगायचे.

"लांडग्यानं खाल्ली शेळी!"

"चोरानं नेली, बाई!"

कडूबाईचे लक्ष मात्र पुस्तकाकडे नव्हते. तिने पाटी भिंतीला टेकवून दोन ओल्या पाकळ्या चिकटवल्या होत्या आणि ती त्यांच्याकडे टक लावून बघत होती.

"हे काय गं?"

"कौल लावलाय, बाई. उजवी पडली तर शेळी जित्ती हाय."

पोरी खिदळल्या. गंगम्मा हसली नाही.

"पाकळीनं चित्र बघितलंय का?"

"न्हाई."

"तू बघ. दावं कसं तुटलंय?"

कडूने पुस्तकात नाक खुपसले. "कापलेलं न्हाई, बाई. चावलंय! शेळीनंच चावलंय. करडामागं गेली आसंल ती." मग तिचा आवाज उतरला. "आन् चुकलं तर?"

"चुकू दे. पान उलटलं की कळेलच. पण आधी बोलायचं."

गंगम्माने पान उलटून वाचले. शेळीने दावे चावलेच होते. पण गेली होती म्हातारीच्याच मागे, बाजारात.

"अर्धं चुकलं!" कडू टाळ्या पिटत ओरडली. "वाचा, बाई, म्होरं वाचा!"

आपले चुकले म्हणून एवढे खूश झालेले माणूस गंगम्माने पहिल्यांदाच पाहिले.

तेवढ्यात ओसरीच्या पायरीशी बसवंतराव येऊन उभे राहिले. मुली उठल्या.

"सरकारी मानूस टेसनावर थांबलाय," ते हळूच म्हणाले. "काय जवाब देऊ? पुढल्या सोमवारी परत कौल लावू म्हनावं का?"

गंगम्माने पुस्तक मिटले. औरंगाबाद तिने कधी पाहिले नव्हते. तिथे कोण विचारील, जमेल की नाही, कशाचाच ठाव नव्हता.

"बाई," कडू मागून कुजबुजली, "आधी बोलायचं."

पाटीवर दोन्ही पाकळ्या अजून तशाच होत्या. गंगम्माने तिकडे पाहिले नाही.

"अण्णा," ती म्हणाली, "मी जानार हाय."