पखिलाचा हट्ट

नर्स प्रणामीताईंनी बाळाच्या कानातलं तपासणी-यंत्राचं रबरी बोंड काढलं, पुसलं आणि दुसऱ्या कानात बसवलं. बाळ जुनाकीच्या मांडीवर गाढ झोपलं होतं. दवाखान्याची बोट काठाला लागून संथ डुलत होती. ताईंनी हातातल्या यंत्रावरचा आकडा पाहिला. मग त्यांनी दोन्ही कान पुन्हा तपासले.

"कान उत्तर देत नाहीयेत," त्या म्हणाल्या. "लगेच घाबरू नकोस. आत मळ असला तरी असं होतं. पण जोरहाटला नेऊन मोठी तपासणी करायलाच हवी. वेळेत कळलं तर यंत्र लावता येतं, पोर बोलायला शिकतं."

"आणि कळलंच नाही तर?"

"मग पोर हाकेला ओ देत नाही. लोकांना वाटतं, हट्टी आहे." ताईंनी सहज विचारलं, "आधीचं मूल आहे का गं?"

"मुलगी होती. पखिला." जुनाकीने बाळाचं टोपरं सारखं केलं. "चार वर्षांची. फारशी बोलायची नाही."

"फारशी म्हणजे?"

जुनाकीने नदीकडे पाहिलं.

पखिला गेली त्या पावसाळ्यात ब्रह्मपुत्रा काठ कातरत होती. भेगाळलेल्या कडेवर बसून पखिला पाण्यात काटक्या टाकत होती. जुनाकी शेतातून हाका मारत धावली, घसा फाटेस्तोवर. पोरीने मान वळवली नाही. मग काठच गेला, पोरीसकट. आदल्याच दिवशी, हाकेला येत नाही म्हणून, तिने पोरीला फोकाने मारलं होतं. गाव हळहळलं, पण म्हणालं, भारीच हट्टी होती. जुनाकीही तेच म्हणायची. त्या रागाच्या आधारानेच ती इतके दिवस उभी होती.

जुनाकी बाळाला घेऊन घरी आली, तेव्हा खांबांवर उभ्या घराखाली, सावलीत, सासूबाई मागावर बसल्या होत्या.

"काय म्हणाल्या?"

"याला ऐकू येत नाही बहुतेक. जोरहाटला न्यायचंय."

"काहीतरीच! परवा कानाशी थाळी आपटली तरी ढिम्म. बहिणीवर गेलाय मेला, दुसरं काय!"

"तिलाही येत नसणार, आई."

सासूबाईंच्या हातातला धोटा तसाच राहिला. त्या म्हणाल्या, "मग आपण मारायचो, ते..."

"कशाबद्दल, ते तिला कळलंच नसेल."

सासूबाई मागावरून उठल्या. त्यांनी दोन्ही हात पुढे केले.

"दे त्याला इकडे. तू कपडे भर."