जरा लालसर असू दे

मी बंद आहे, तरी बोलतोय. घाबरू नका. माझी वायर काढून ठेवली आहे, काचेवर जुना टॉवेल टाकलाय आणि उद्या सकाळी भंगाराची गाडी येणार आहे. मी मॉनिटर. जुन्या घडणीचा, नळीचा, पाठीला हे एवढं पोक असलेला. मला उचलायला दोन माणसं लागतात आणि उचलून झालं की दोघंही कंबर धरून बसतात. जायच्या आधी मला एक कबुली द्यायची आहे. चूक माझी होती आणि डोळे गेल्याचा ठपका बसला एका भल्या माणसावर.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. खोक्यात कोंबलं तेव्हा अंधार झाला आणि खोकं उघडलं ते थेट या फोटो स्टुडिओत. समोर दोन माणसं होती. एक मालक, ते फोटो काढायचे. दुसरे काका, ते फोटोंचे रंग नीट करायचे. कुणाच्या आजीच्या उडालेल्या फोटोत रंग भरायचा, कुणाच्या चेहऱ्यावरची सावली काढायची, हे त्यांचं काम. मालक मला बघून म्हणाले, "काय हे डबडं! अख्खं टेबल खाल्लं की याने!"

काकांनी माझ्या काचेवरून शर्टाची बाही फिरवली. "खाऊ दे रे. रंग बघ त्याचे, रंग."

झालं, त्या दिवसापासून मी काकांचा.

आमचं छान जमलं. थंडीत ते जेवणाचा डबा माझ्या पाठीवर ठेवायचे. दुपारपर्यंत कोमट व्हायचा. गिऱ्हाइकांचा मात्र मला वैताग यायचा. फोटो दाखवला की माणूस बोलत नाही, बोट लावतो. "हा बघा, इथे, माझा कान," की उमटलाच तेलकट ठसा माझ्या नाकावर. काका लगेच खेकसायचे, "काच आहे ती, पाटी नाही!" आणि गिऱ्हाईक गेलं की हळूच पुसायचे.

असं सुखात चाललं होतं आणि मी म्हातारा व्हायला लागलो. माझ्या नळीतून तीन किरण निघतात, लाल, हिरवा आणि निळा. त्यांच्यातूनच सगळे रंग होतात. त्यातला हिरवा आणि निळा थकले. लाल मात्र होता तसाच तरतरीत. त्यामुळे कुठलाही फोटो लावा, माझ्यावर तो आहे त्याहून लालसर दिसायचा. काकांच्या नजरेतून ते सुटेल? पहिल्या आठवड्यातच त्यांनी मला पकडलं. इकडेतिकडे पाहिलं, मालक आत होते, आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "लाल झालास होय रे लब्बाडा? असू दे. कुणाला सांगू नकोस, मीही सांगत नाही. नाहीतर काढून टाकतील तुला."

मग त्यांनी एक युक्ती काढली. हातातल्या मूळ फोटोशी माझ्यावरचा रंग तंतोतंत जुळवायचाच नाही, थोडा लालसर राहू द्यायचा. तो जादा लाल माझा, फोटोतला नव्हे, त्यामुळे छापून आला की बरोब्बर! सात वर्षं त्यांनी माझं पाप असं झाकलं. पहिल्या वर्षी मुद्दाम करायचे. पुढे पुढे ते त्यांच्या हातात इतकं मुरलं की आपण असं काही करतोय हे डोक्यातून पार पुसलं गेलं.

मधल्या काळात मालक वारले. त्यांची मुलगी स्टुडिओ बघायला लागली. सगळे तिला ताई म्हणतात. काका तिला "पोरी" म्हणतात, कारण तिचा पहिला फोटोही त्यांच्याच हातून रंगून गेलेला. पोरगी गुणी आहे हो. मला काढायचं ठरवलं तिने, तरी मी तिला नावं ठेवणार नाही.

"काका, किती वीज खातो हा! शिवाय संध्याकाळी तुमचे डोळे बघा कसे चुरचुरतात. आता चपटे मॉनिटर मिळतात. जागा कमी, उष्णता कमी, चित्र हलत नाही."

"त्याला बाजूने बघितलं की चेहरे बदलतात, पोरी."

"मग समोर बसून बघायचं! बाजूला कशाला जाताय?"

काका हसले. दोन-तीन दिवस कुरकुर केली आणि ऐकलं. टेबलावर जागा एकाचीच. मी खालच्या फळीवर गेलो, टॉवेलाखाली, आणि माझ्या जागेवर तो आला. पाठ नाहीच त्याला! मी मनात म्हटलं, याच्यावर डबा कुठे ठेवणार काका? पण खरं सांगायचं तर रंग त्याचे चोख होते. जे आहे तेच दाखवायचा. आणि तिथेच घात झाला.

पहिली तक्रार आली ती एका नव्या जोडप्याची. फोटोत नवरा संतापलेला दिसत होता आणि नवरी उन्हात भाजलेली. ताईने हसून पुन्हा छापून दिले. मग एका बाळाचा फोटो गेला, बीटरूट खाल्ल्यासारखा. आणि मग आल्या त्या बाई. त्यांच्या आईचा एकच फोटो शिल्लक होता, पासबुकावर चिकटवतात तेवढा. तो मोठा करून हवा होता. छापलेला हातात घेतला आणि त्या खालीच बसल्या.

"ही माझी आई नाही हो. शेवटच्या तापात अशी दिसायची ती. मला तापाच्या आधीची हवी होती."

काकांनी तो फोटो खिडकीशी नेला, परत आणला. "मला तर बरोबर दिसत होता," एवढंच म्हणाले.

ताईने त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानाने नजर छान आहे. पण काकांना ते पटलं नाही. दुसऱ्या दिवशी येऊन खणातली त्यांची चष्म्याची पेटी, मऊ फडकं, सगळं पिशवीत भरायला लागले. "रंगवाल्याची नजर गेली की त्याने उठावं, पोरी. लोकांच्या आया बिघडवत बसू नये."

अहो, फळीवर माझा जीव तळमळत होता! ओरडून सांगावं वाटत होतं की डोळे तुमचे ठीक आहेत, बिघडलेला मी होतो. पण वायरच नाही तर ओरडणार कशाने?

ताई म्हणाली, "जा हवं तर. पण त्या बाईंची आई तेवढी करून जा. मी शेजारी बसते."

काका बसले. मूळ फोटो हातात धरला आणि रंग जुळवायला लागले. ताई एकदा फोटो बघे, एकदा मॉनिटर. काका थांबले तशी ती म्हणाली, "काका, हे थोडं लाल नाही वाटत?"

"आहे ना थोडं."

"तुम्हाला दिसतंय?"

"न दिसायला काय झालं? जरा लालसर असू द्यावं लागतं."

"का?"

"का म्हणजे? तो..." आणि काका थांबले. माऊसवरचा हात तसाच राहिला. त्यांनी सावकाश मान वळवली आणि खाली, फळीवर, माझ्याकडे बघितलं.

पुढचं मला स्वप्नासारखं वाटतं. मला टेबलाच्या कडेला घेतलं, वायर जोडली आणि तीच आई आम्हा दोघांवर एकदम लावली. त्याच्यावर ती आई होती, फक्त लाली जराशी जास्त. माझ्यावर मात्र ती पेटलेली होती. ताईने तोंडावर हात ठेवला.

"सात वर्षं," काका म्हणाले. "मला माहीत होतं. तुझ्या बाबांनाही कळू दिलं नाही मी. काढून टाकला असता त्याला. आणि मग मीच विसरलो बघ."

"म्हणजे डोळे..."

"डोळे शाबूत आहेत!" म्हणाले आणि लहान मुलासारखे रडले. रडता रडता माझ्या पाठीवर थाप मारली. "अरे लब्बाडा, माझी नोकरी खात होतास की!"

त्या बाई काल फोटो घेऊन गेल्या. जाताना तो छातीशी धरला होता. काकांनी पिशवी परत खणात रिकामी केली. नव्या मॉनिटरच्या कडेला त्यांच्या हातची चिठ्ठी आहे, 'दिसतंय तसंच सोडायचं.'

उद्या मी जाईन. गाडीवाल्याला एवढंच सांगा, माझी काच रस्त्यावर फोडू नकोस. आतली विषारी पूड कुणाच्या नाकातोंडात जायला नको. आणि काका, चिठ्ठी लावली तरी सवय काही एका दिवसात जात नाही. कधी चुकून हात लालाकडे गेलाच, तर त्याच्यावर रागावू नका. माझ्यासाठीच शिकला होता तो.