काळीचा तुकडा

निमोण्याचा याकोब दुसऱ्या महायुद्धात फौजेची खेचरं हाकायला इटलीला गेला आणि परत येताना एक खूळ डोक्यात घेऊन आला. तिकडं टस्कनीच्या डोंगरउतारांवर त्यानं द्राक्षांचे मळे पाहिले होते. तिथल्या दारूचं नाव जगभर. पण याकोबच्या मनात भरलं ते निराळंच. तिथले शेतकरी आपल्याच वेलीचा रस देवळात नेत, आणि इथं शिरूरच्या ख्रिस्ती देवळात प्रभुभोजनाला मनुका उकळून गाळलेलं पाणी! आपल्या रानातल्या द्राक्षांचा प्याला एकदा देवळात फिरावा, मग डोळे मिटले तरी चालतील, असं तो बायकोला सांगे.

"आधी ज्वारीचं बघा," हन्ना म्हणे.

तिकडची जमीन म्हणजे नुसते दगडगोटे. माणसं टिकाव मारून वेली लावत. याकोबनं हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आणि शहाण्यानं त्यांची कीव केली! बिचाऱ्यांच्या नशिबी खडक, तरी एवढं पिकवतात. काळीभोर माती असती तर काय केलं असतं? त्यात लहानपणापासून देवळात ऐकलेला पेरणाऱ्याचा दाखला. खडकावरचं बी करपतं, चांगल्या मातीतलं शंभरपट देतं. देवाचा शब्द आणि शेतकऱ्याची अक्कल एकाच बाजूला पडल्यावर याकोब कुणाचं ऐकणार होता?

त्याच्याकडं बापाचा मुरमाड माळ होता. काळी होती मारुतरावांची, नदीच्या अंगाला. याकोब त्यांच्या ओट्यावर जाऊन बसला.

"सगळा माळ घ्या, पर काळीतला येक तुकडा मला द्या."

"माझं काय, गुरं चरतील," मारुतराव म्हणाले. "पर इचार कर याकोबा. मागनं माझ्या नावानं बोटं मोडशील."

"न्हाई मोडायचो."

अदलाबदल झाली. कुणी कुणाला फसवलं नव्हतं, आणि तेच पुढं याकोबला जाळत राहिलं.

नाशिककडून आणलेल्या काड्या काळीत लागल्या. पांगाऱ्याच्या खुंटांवर वेली अशा चढल्या की गाव बघायला लोटलं. पानं तळहाताहून मोठी, घड मात्र एक नाही. काळी माती पाणी धरून बसणारी. आयतं खाऊन-पिऊन सुस्तावलेल्या वेलीला फळ धरायची गरजच वाटेना. परतीच्या पावसात तर चिखल वाळेचना. मुळं कुजली, पानांवर बुरशी पडली. याकोब बांधावर बसून रडला.

त्याच्या छाटणीच्या काड्या मारुतरावांच्या बायकोनं, पुतळाबाईंनी, माळावर गोठ्याशेजारी सहज खोचल्या होत्या. मुरमात पाणी ठरत नव्हतं. दिवसा माळ तापे, रात्री गार पडे. काड्या झुरल्या, खाली खोल मुळं सोडून जगल्या, आणि पुढं घडांनी वाकल्या. मारुतरावांनी सगळ्या माळावर वेली लावल्या.

"छाटायला तूच ये, याकोबा. तुझ्याबिगर कुणाला जमतंय?"

याकोब गेला. बोटं मोडणार नाही म्हणाला होता ना!

बाग बहराला आली त्या साली ईस्टरला मारुतरावांनी आपणहून द्राक्षांची पाटी शिरूरच्या देवळात पाठवली. पाळकांना वाटलं, पाटी निमोण्याची म्हणजे याकोबचीच. त्यांनी भर भक्तीत सांगितलं, "आपल्या याकोबची इच्छा प्रभूनं पुरी केली." सगळ्या माना त्याच्याकडं वळल्या. गप्प बसला असता तर चाललं असतं.

याकोब उभा राहिला. "माझी न्हाईत. मारुतरावांच्या माळावरची हायेत."

"सगळं प्रभूचंच," असं म्हणून पाळक पुढं गेले.

प्याला फिरत त्याच्यापर्यंत आला. रस गोड होता, फार गोड. ज्या मुरमाला आपण जन्मभर शिव्या घातल्या त्यात हे होतं, आणि आपण ते पाया पडून दुसऱ्याच्या पदरात टाकलं. घोट तोंडातच राहिला.

हन्नानं त्याच्या हातून प्याला घेतला आणि पुढं बघतच पुटपुटली, "गिळा. आपलाच माळ हुता त्यो."