उजव्या चाकाचा टक्

टण्ण!

दुपारच्या झोपेने गच्च भरलेल्या घरात, स्वयंपाकघराच्या फरशीवर काहीतरी पडलं.

"ओळख!" दाराआडून आठ वर्षांची सिरीन ओरडली.

विदादने डोळे उघडले नाहीत. "चमचा. हरिसाच्या चटणीच्या बरणीतला, वाकडा. दांडा आधी आपटला."

"बरोब्बर! तुला कसं कळतं गं आई, सगळं?"

कसं कळायचं! हा खेळच विदादच्या बापाचा. तय्यिब मिस्त्रींचा कान सगळ्या गाबेस शहरात नावाजलेला. गाडी गल्लीच्या तोंडाशी असतानाच ते आतून दुखणं सांगायचे. लहानग्या विदादला मांडीवर घेऊन त्यांनीच नियम घालून दिला होता: ओळखलंस तर खरं तेच सांगायचं, नाही ओळखलंस तर 'हरले' म्हणायचं. खोटं बोलला तो खेळातून बाद.

एवढ्यात बाहेर कोपऱ्यावर गाडी वळली आणि वळताना बोलली. टक्.

विदाद उठून बसली. आवाज तिने ओळखला. गाडी कुणाची तेही ओळखलं.

दारात शाजली उभा होता. पोट पुढे, टोपी मागे. लाल पट्ट्याची, प्रवासी भरून नेणारी त्याची वडापची गाडी अंगणाबाहेर धुगधुगत होती. "विदाद पोरी, झोपमोड केली का गं? तीन मिस्त्री झाले, एकाला सापडत नाही. सरळ चालते तोवर शहाणी, जोरात वळवली की टक्. म्हटलं, तय्यिब गेला पण कान घरातच ठेवून गेला असेल!"

आणि हसला. त्या घराच्या उंबऱ्यावर उभा राहून हसला.

पाच वर्षांपूर्वी तय्यिबनी याच माणसाला याच अंगणात सांगितलं होतं, "शाजली, चाकाला धरून ठेवणारा खालचा बॉल संपलाय. आज बदल." हा म्हणाला, ईद होऊ दे. ईदच्या आधीच मतमात्याच्या घाटात चाक आडवं झालं, एका म्हातारीचा पाय गेला. कोर्टात शाजलीने कुराणावर हात ठेवून सांगितलं, बॉल तय्यिबनेच बदलला होता, कच्चा बसवला. जुनं दोस्तीचं माणूस, सगळ्यांना पटलं. गॅरेजला कुलूप लागलं. त्यानंतर बाप खाटेवर पडून राहायचा. सिरीन चमचा पाडायची, "ओळखा आजोबा" म्हणायची. तो भिंतीकडे तोंड करायचा. वर्षात गेला.

"बघते काका," विदाद म्हणाली. तिचा आवाज मधासारखा निघाला, तिचं तिलाच नवल वाटलं. "सिरीन, काकांना चहा दे. पुदिना घाल."

तिने डिकी रिकामी करून घेतली. स्टेपनी, जॅक, पाण्याचे कॅन, सगळं खाली. "आता मोकळ्या जागेत फिरवा. स्टिअरिंग डावीकडे पूर्ण कापा."

टक्. टक्.

"आता उजवीकडे."

काहीच नाही. म्हणजे डिकीतलं सामान नव्हे. डावीकडे वळताना भार उजव्या चाकावर येतो आणि तेच कण्हतं. शाजली सावलीत चहा घेऊन बसला तेव्हा तिने गाडी उचलली, चाक वर-खाली धरून हलवलं, मग टॉमीची लोखंडी कांब घालून उचकलं. बॉल आपल्या वाटीत डुगडुगत होता. महिना नव्हे, आठवडाही काढणार नाही तो. एखादं वळण, एखादा खड्डा.

शेजारी उकिडवी बसलेल्या सिरीनने चाकाला हात लावला. "आई, माझ्या दातासारखं हलतंय!"

"श्श."

हात पुसता पुसता विदादच्या छातीत काहीतरी गार, छान पसरलं. पाच वर्षं तिने मागितलं होतं ते दारात चालत आलं होतं. बापाने खरं सांगितलं, ते या माणसाने ऐकलं नाही. ती खोटं सांगणार होती. ते मात्र तो लगेच ऐकणार होता.

"काही नाही हो काका. रबर वाळलंय नुसतं. म्हाताऱ्याची हाडं वाजतात ना, तसं."

"म्हातारा कोणाला म्हणतेस गं?"

"गाडीला. तुम्ही तर आणखी दोन लग्नं कराल."

शाजली खदखदून हसला. "धोका नाही ना पण?"

"बिनधास्त पळवा. हिवाळ्यात बदलू."

"बापापेक्षा पोरगी बरी. तो उगाच घाबरवायचा!" रिकामा पेला त्याने सिरीनच्या हातात दिला. "जीव भांड्यात पडला बघ. आज संध्याकाळीच मतमात्याला वऱ्हाड न्यायचंय. आठ माणसं, वर पोरंटोरं. नाक्यावर थांबलेत सगळे."

गाडी निघाली. कोपऱ्यावर डावीकडे वळली. टक्.

विदाद नळाखाली हात धूत राहिली. साबण दोनदा लावला, वंगण निघेना. वऱ्हाड. तिच्या हिशेबात त्या गाडीत फक्त शाजली होता. पाच वर्षं रोज रात्री ती गाडी घाटात जायची आणि रोज आत तो एकटाच असायचा. नाका लांब नव्हता. सामान चढवून ते सुटेपर्यंत पंधरा-वीस मिनिटं जातील. धावत गेलं तर गाठता येईल. पण गाठून सांगायचं काय? 'काका, तुम्ही मरावं म्हणून मी खोटं बोलले'? आणि तो पुन्हा कुराणावर हात ठेवून लोकांना सांगेल, बघा, बाप तशी लेक.

तिने तिसऱ्यांदा साबण घेतला.

सिरीन पेला घेऊन तशीच उभी होती, जिभेने सैल दात पुढे ढकलत. आईने हरिसाचा चमचा न बघता ओळखला होता. आणि हा एवढा मोठा आवाज!

"आई, ते रबर नव्हतं. मी हात लावला होता." तिने आईचा ओला हात धरला. "तू मुद्दाम चुकीचं सांगितलंस ना? मग आता बाद कोण झालं?"