नानीचं खोपाट

नूरमहंमद पिंजाऱ्याची पिंजण सकाळधरनं टणटणत हुती. अंगभर कापसाचं तूस अन् मधनंमधनं खोकला. त्याची बायको हमिदा पिंजलेला कापूस गोळा करीत हुती. तिची सरवरी, पाच वर्सांची पोर, त्याच ढिगात लोळत हुती. तेवढ्यात दारात बैलगाडी थांबली अन् शमशेर उतरला.

शमशेर म्हंजी हमिदाचा पयला नवरा. पाथर्डीचा बैलांचा दलाल. पोर अंगावर पीत असताना त्यानं हमिदाला तलाक दिला अन् मुमताज घरात आनली. तवापासनं आमच्या तिसगावच्या बाजाराला दर खेपंला यायचा, पर पोर जगली का मेली ते इचाराया ह्या आळीत कदी फिरकला न्हाई.

"पोर न्याया आलोय," तो म्हनला.

"आजच बरी याद आली?" हमिदानं इचारलं.

"तू दुसरा निका लावलास. आता तुजा हक संपला. माजी पोर परक्याच्या छपराखाली वाढनार न्हाई."

मुमताजला जुळी झाली हुती अन् पाळना हलवाया घरात कुनी नव्हतं, हे आमच्या आळीला ठावं हुतं. पर तोंडावर कोन बोलनार?

हमिदानं पोरीला कवळ्यात घट धरलं. नूरमहंमदानं पिंजण खाली ठिवली. भांडनातला मानूस नव्हता तो. म्हनला, "काजीसाहेबाला इचारू."

शुक्करवारी नमाज उरकून काजीसाहेब आले, नूरमहंमदाच्या अंगनात लिंबाखाली बाजंवर बसले. मिरी गावावरनं हमिदाची आईबी आली हुती. तिला समदी नानीच म्हनायची. हा निका तिला पसंत नव्हता. जावई खोकला की ती म्हनायची, "हौसेनं केला पती, त्याला झाली रगतपिती." आताबी ती उंबऱ्याच्या भाईरच बसली.

काजीसाहेबांनी दोनी बाजू ऐकल्या. "शमशेरचं खरं हाय. आईनं परक्याशी निका लावला की तिचा हक जातो, पोर त्या परक्याच्या छपराखाली ऱ्हात न्हाई."

शमशेरनं पोरीचा दंड धरला. सरवरीनं टाहो फोडला.

"सोड," काजीसाहेब म्हनले. "बापाकडं जाती असं कवा म्हनलो? आईमागं हक आईच्या आईचा. पोरीची नानी जिती हाय का?"

समद्यांनी नानीकडं बघितलं.

"दिसत न्हाई का?" नानी म्हनली. "नेती मी मिरीला."

हमिदाचं त्वांड पडलं. बापानं न्हेली काय अन् नानीनं न्हेली काय, तिच्या कुशीतनं पोर जानारच हुती.

नूरमहंमद खाकरला. "अम्मा, तुमीच हितं आलात तर? ह्या कोपऱ्यात खोपाट घालतो. येगळं छप्पर, येगळी चूल."

"पिंजाऱ्याच्या दारात? मी?"

सरवरीच्या केसात तूस अडाकलं हुतं. रडत रडत ती आईच्या पदराला लोंबकळत हुती. नानी लई येळ बघत बसली.

"दार पल्याडच्या अंगाला पायजे," ती शेवटी म्हनली. "सकाळी उठल्यावर ह्याचं त्वांड दिसाया नको."

शमशेर उसळला. "आवो, अंगन तर एकच हाय!"

"छपराचं सांगितलेलं हाय," काजीसाहेब चपला घालत म्हनले. "अंगनाचं काय सांगितलेलं न्हाई."

खोपाट झालं. पोर निजायची नानीपाशी, जेवायची ज्या चुलीवर आदी भाकरी हुईल तितं. पिंजण सुरू झाली की नानी शिव्या द्यायची. जावयाचा खोकला वाढला तर पोरीच्या हातनं सुंठ-गूळ धाडायची. हमिदा हसली तर म्हनायची, "मेला तर माजं छप्पर कोन शाकारील?"

साल उलटलं. ईद झाल्यावर शमशेर आला. नानी खरंच ऱ्हाती का, ते बघायला. खोपाटात डोकावला. चूल पेटल्याली, नानी भाकरी थापीत बसल्याली. सरवरी भाईर आली अन् त्याच्याकडं बघत उभी ऱ्हायली.

"नानी, कोन आलंय?"

नानीनं मान वर केली न्हाई. "पाव्हना हाय. पानी दे."

पोरीनं तांब्या आनून दिला. शमशेर उभ्या उभ्याच प्याला.

"बसा की," सरवरी म्हनली. "अब्बा बाजारात गेल्यात. येतीलच आता."

शमशेर बसला न्हाई.