दुपारचा पहारा

तारेचं ते टोक पुन्हा अंगठ्याला टोचलं. वीणेच्या खुंटीभोवती गुंडाळून उरलेलं, नखाएवढं — पण गेला पाऊण तास हिलालचं सगळं ध्यान त्या नखाएवढ्या तारेत अडकून पडलं होतं. राम कृष्ण हरी... बोट तारेवर फिरत होतं, ओठ हलत होते, आणि डोळे मात्र मंडपाच्या खांबावर टांगलेल्या घड्याळाकडे. दोन वाजून आठ मिनिटं. भिकनचा पत्ता नाही.

सप्ताह बसला की सात दिवस वीणा जमिनीला टेकत नाही. दोन-दोन तासांचा पहारा. एकाच्या गळ्यातून निघाली की दुसऱ्याच्या गळ्यात, मधे एकमेकांच्या पायांना हात लावायचा, तेवढीच उसंत. तीस वर्षं तो हा पहारा करत आला होता, आणि त्या उभं राहण्यासारखं सुख त्याला दुसरं ठाऊक नव्हतं — तार छातीशी गुणगुणत असते आणि हळूहळू आपण म्हणून कुणी उरतच नाही, पाय दुखतात तेसुद्धा दुसऱ्याचे वाटतात. आज मात्र पाय त्याचेच होते. अंगठा त्याचाच. घामही.

अडीचला फाट्यावरून शिरपूर-धुळे गाडी जाते. नंतरची एकदम पाचला. आणि चारला धुळ्याच्या दवाखान्यात मगनभाऊला — त्याच्या सख्ख्या थोरल्या भावाला — ऑपरेशनसाठी टेबलावर घेणार होते. मगनचा दोस्त नासीर टेलर रात्रभर तिथे बसून पहिल्या गाडीने परतला होता, आणि चहालाही न थांबता दारातूनच सांगून गेला होता, "हिलालभाऊ, बठ्ठं सोडा आनि जा. डागदर काही बोलत नही. मगनभाऊ तुमनंच नाव लई राहिनात."

तुमनंच नाव... मगनभाऊ आपलं नाव घेत होता, अकरा वर्षांनी.

शहात्तर साली माय गेली तेव्हा हिलाल शेजारच्या गावी कीर्तनात टाळ धरून उभा होता. निरोप आला होता. पण बुवा रंगात आले होते, आणि चालू कीर्तनातून टाळकरी निघतो कसा... तो पोचला तेव्हा तिरडी बांधून झाली होती. स्मशानातून परतताना, विहिरीपाशी हातपाय धुता धुता, मगन चार लोकांत म्हणाला, "देवना मांगे दपस तू." देवामागे लपतोस. एवढंच, आवाजही न चढवता. त्यानंतर दोघे एकाच गल्लीत समोरासमोरून मुक्याने जात आले.

मी बांधलेला आहे भाऊ, हिलाल मनात म्हणाला. वीणा गळ्यात आहे, ही टाकून येऊ कसा? — आणि म्हणता म्हणताच त्याला काल रात्रीचं कीर्तन आठवलं. बुवांनी विचारलं होतं, माणसाला बांधलं कोणी? आतून कडी लावून घेतो आणि ओरडतो, मला कोंडलं हो, कोंडलं! सगळा मंडप हसला होता. सगळ्यांत मोठ्यांदा हिलाल. किती गोड बोलले बुवा, म्हणत घरी जाताना त्याने डोळे पुसले होते. पुसले होते आणि झोपला होता.

दोन सतरा.

"भिकन्या झोपी ऱ्हायना व्हई," खांबाला टेकून माळ ओढणारी भागाबाई म्हणाली. सत्तरीची, सगळ्या गल्लीची अक्का. "त्याना पहारा आनि सरकारनी गाडी, दोन्हीसना भरोसा नही. दे इकडे. मी धरस."

"अक्का, बाईमाणसानं वीणा—"

"पाच लेकरं कडेवर धरी धरी जलम गया, हाई लाकूड काय जड शे माले? देव काय इचारस, कोनी धरेल शे? जाय तू. तुना भाऊ शे तो."

तिने हात पुढे केले. काळसर, नसा उठलेले, खरंच खूप काही पेललेले हात. आणि हिलाल एक पाऊल मागे सरकला.

सरकला — आणि ते स्वतःचं सरकणं त्याने पाहिलं. रिवाजासाठी सरकलो? की... मग ती गोष्ट वर आली, जी सकाळपासून तो वर येऊ देत नव्हता. हा पहारा त्याचा नव्हताच. त्याचा पहाटेचा, तो करून तो मोकळा झाला होता. नासीर गेल्यावर धुवट सदरा चढवून, पिशवीत टॉवेल टाकून तो गाडीसाठीच निघाला होता, आणि मंडपाशी धनसिंग दिसला तसा थांबून म्हणाला होता, "धनसिंग, तुना दुपारना पहारा माले दे." भावासाठी देवाला आळवीन, असं स्वतःला सांगितलं होतं. पण धनसिंगनंतर भिकन असतो, आणि भिकन वेळेवर येत नाही हे गावातल्या कुत्र्यालाही ठाऊक... त्याला नव्हतं? होतं. ते जाणणारा एकजण त्याच्याच आत बसला होता, शांतपणे माळ ओढत, आणि त्याने हलक्या हाताने कडी लावली होती. मग आता कोंडलं म्हणून ओरडतोय तो कोण?

मगनभाऊ डोळे उघडेल आणि पुन्हा तेच वाक्य म्हणेल... आणि नाहीच म्हणाला, नुसता हात धरला तर? या दुसऱ्याचीच भीती जास्त होती.

"भाऊ, डोया लागी गया व्हता!" गालावर गोधडीची नक्षी उमटलेला भिकन धावतच आत शिरला. हिलालच्या पायांना हात लावून त्याने मान पुढे केली. दोन तेवीस. धावत गेलं तर फाटा पाच मिनिटांवर.

हिलालने वाकून त्याच्या पायांना हात लावला. पट्टा मानेवरून निघाला, भिकनच्या मानेत पडला. भोपळा त्याच्या काखेशी गेला. दांडी मात्र...

"सोडा ना भाऊ."

"कोन कोनले धरी ऱ्हायना, देवले माहीत," भागाबाई हसली.

शिरपूरच्या बाजूने, नरडाण्याकडून, कुठेतरी लांब हॉर्न वाजला. गाडी असेल, ट्रकही असेल. हिलाल दांडीवरची आपली बोटं बघत होता. पांढरी पडलेली. दपस. त्यांच्या बोलीत या शब्दाला माणसाचं काही पडलेलं नसतं — तू दपस, तो दपस, मी दपस. शब्द जागचा हलत नाही, त्याच्यापुढे कोणाला उभं करायचं ते बोलणाऱ्याने ठरवायचं. अकरा वर्षं त्याने तिथे मगनने फेकलेलं 'तू'च राहू दिलं होतं. दुसऱ्याने फेकलेलं अंगावरून झटकता येतं.

"मी दपस," तो म्हणाला.

"काय?" भिकनने विचारलं.

तारेचं टोक अंगठ्यात रुतलं होतं, पण आता ते नुसतं टोचत होतं, धरून ठेवत नव्हतं. करंगळी केव्हाच सुटली होती. उरलेल्या बोटांकडे तो बघत राहिला — कोणीतरी येऊन सांगेल म्हणून थांबल्यासारखी ती थांबली होती — आणि त्याच्या ध्यानात आलं, की ती सोडवायला आपल्याशिवाय येणारं दुसरं कोणी नाही.