तिसऱ्या दालनाचा दरवाजा

पेयांच्या त्या संग्रहालयात पाच दालने होती. पाठीमागचा दरवाजा बंद झाला की पुढचा बरोबर सहा मिनिटांनी आपोआप उघडत असे. तोवर आत शिरलेल्या माणसाला निवेदन ऐकण्यावाचून गत्यंतर नव्हते. ही यंत्रणा वायरमनकाकांनीच बसवली होती. बाटलीबंद पेयांच्या कारखान्यात अडतीस वर्षे काढून ते निवृत्त झाले, तेव्हा कंपनीने कारखान्यालगतच्या या संग्रहालयाचे विजेचे काम त्यांना दिले आणि ते पुरे होताच वाटाड्याची नोकरीही गळ्यात घातली. आपणच बसवलेल्या दरवाजांत आपणच रोज अकरा वेळा कोंडले जाऊ, हे त्यांच्या आराखड्यात कोठेही नव्हते.

निवेदनाचा मजकूर कंपनीचा होता. काकांच्या कॉलरला लावलेल्या माइकमधून त्यांचा शब्द न् शब्द वरच्या मजल्यावर प्रसिद्धी विभागाच्या बाईंना ऐकू जाई. पहिल्याच आठवड्यात काकांनी तिसऱ्या दालनात एक वाक्य पदरचे घातले, तेव्हा बाई स्वतः खाली आल्या होत्या.

"काका, मजकुरात नाही ते बोलू नका हं," त्या गोड आवाजात म्हणाल्या. "तुमची मुलगी आपल्याच प्रयोगशाळेत आहे ना? कायम व्हायची आहे अजून."

काकांना एवढे पुरले. कायम होण्याचा कागद लेकीला पुढच्या महिन्यात मिळणार होता, आणि तोवर जीभ आवरून धरायची, असे त्यांनी मनाशी पक्के केले होते.

त्या दिवशी अकरा वाजताच्या तुकडीत चौदा माणसे होती. चौदावे तिकीट हातात धरून काकांच्या वहिनी उभ्या होत्या.

"वाफ झाली का, भावजी?"

काकांनी चटकन माइकवर तळहात ठेवला. 'वाफ' हा कारखान्यातला शब्द होता. बाहेरचे लोक चहा घेत. कारखान्यातल्या माणसांची मात्र वाफ होत असे. हा शब्द काकांच्या थोरल्या भावामुळे, दादामुळे, रूढ झाला होता आणि कंपनीच्या मजकुरात त्याला थारा नव्हता.

"वहिनी, आज कशाला आलात? कळवायचं तरी."

"कळवलं असतं तर तुम्ही आजारी पडला असता. मेण्यात बसवून आणा असं म्हटलंय का मी? तिकीट काढून आले आहे."

पहिला दरवाजा मागे बंद झाला. काका बोलू लागले. फार प्राचीन काळी अजस्र वास्तू उभारणाऱ्या मजुरांना धान्य आंबवून केलेली बिअर शिध्याबरोबर मोजून दिली जाई.

"म्हणजे कामाने तोंडाला फेस आणायचा," वहिनी शेजारणीला म्हणाल्या, "आणि मजुरीतही फेसच द्यायचा."

तुकडी हसली. काकांना हसू आले नाही. दुसऱ्या दालनात कॉफी होती. चार माणसे एका मेजाशी बसून, शुद्धीत राहून, बातम्यांचा आणि कारभाराचा कीस काढू लागली, तेव्हा ठिकठिकाणच्या राजांना या पेयाची धास्ती वाटली आणि त्यांनी कॉफीगृहे बंद करून पाहिली, असे काकांनी सांगितले. बोलताना त्यांचे लक्ष घड्याळाकडे होते. सहा मिनिटे इतकी तोकडी त्यांना कधी वाटली नव्हती.

तिसरा दरवाजा उघडला आणि सर्वांना आत घेऊन बंद झाला.

मध्यभागी कंपनीच्या संस्थापकांचा मेणाचा पुतळा होता. हातात किटली, चेहऱ्यावर वात्सल्य. समोर कप पुढे केलेला एक कामगार. काकांनी हातातला कागद वर धरला. मजकूर तोंडपाठ होता, परंतु आज नजर ठेवायला काहीतरी हवे होते.

"थकलेल्या कामगारांना पाहून संस्थापकांचे मन द्रवले," ते म्हणाले, "आणि त्यांनी स्वतःहून दहा वाजताची बारा मिनिटांची चहाची सुट्टी सुरू केली."

खरी हकिगत अशी होती. दिवसभर हजारो बाटल्या भरणाऱ्या हातांना त्या काळी पाणी प्यायलाही जागा सोडता येत नसे. दादा बॉयलरवर होता. एके सकाळी दहाला त्याने वाफेचा मुख्य व्हॉल्व्ह बंद केला. बाटल्या धुणारी यंत्रे थांबली, त्यापाठोपाठ भरणारी थांबली. दादाने दोन बादल्यांत वाफेची नळी सोडून पाणी उकळले आणि नव्वद माणसांना चहा पाजला. त्या चहाला गंजाची चव होती. बारा मिनिटांनी त्याने व्हॉल्व्ह उघडला आणि संध्याकाळी त्याला काढून टाकण्यात आले. त्या दिवशी बाटल्या कमी फुटल्या, हे पुढे कोणाच्या तरी ध्यानात आले आणि दोन महिन्यांत सुट्टी अधिकृत झाली. दादाला मात्र कोणी परत बोलावले नाही. वहिनींनी लोकांचे कपडे शिवून संसार ओढला. दादाला जाऊन आता नऊ वर्षे झाली होती.

मजकूर संपला. दरवाजा उघडायला दोन मिनिटे होती.

"एक विचारू?" चष्मा लावलेले एक शिक्षक म्हणाले. "आमचे एक शेजारी वेगळंच सांगायचे. कोणी बॉयलरवाल्याने म्हणे यंत्रं बंद पाडली होती."

कॉलरवरचा माइक काकांना दगडासारखा जड वाटू लागला. तोंड उघडले तर लेक, आणि मिटले तर दादा. मध्ये सरकायला तसूभर जागा नव्हती. त्यांनी वहिनींकडे पाहिले. वहिनींनी आधी त्यांच्या माइककडे पाहिले आणि मग त्यांच्या चेहऱ्याकडे.

"माझा नवरा इथेच बॉयलरवर होता," वहिनी शांतपणे म्हणाल्या. "हे वाटाडे सांगतात तसंच झालं. मालकांनीच सुट्टी दिली."

दरवाजा उघडला.

पाचव्या दालनात प्रत्येकाला एक कप चहा फुकट मिळे. वहिनींनी घोटभर घेतला आणि कप काकांच्या हाती दिला.

"गंजाची चव नाही याला."

"वहिनी, तुम्ही असं का..."

"पोरगी कायम होऊ दे आधी. ह्यांनी नव्वद माणसांसाठी नोकरी घालवली. मी एकीसाठी एक वाक्य घालवलं. त्यात एवढं तोंड पाडण्यासारखं काय आहे?"

त्या गेल्या आणि पाठोपाठ प्रसिद्धीच्या बाई जिना उतरून आल्या. त्या खुशीत होत्या.

"काका, त्या आजींनी कमाल केली. खुद्द कामगाराच्या पत्नीची साक्ष. आवाज स्वच्छ रेकॉर्ड झालाय. उद्यापासून तिसऱ्या दालनात प्रत्येक तुकडीला तो ऐकवायचा. अगदी शेवटी, दरवाजा उघडायच्या आधी. स्पीकर तेवढा तुम्ही जोडून द्या."

काकांनी मान हलवली. दुपारी त्यांनी स्पीकर जोडला. जोडणी नेहमीप्रमाणे निर्दोष होती. अडतीस वर्षांत त्यांनी जाणूनबुजून एकही तार चुकीची लावली नव्हती. शिडीवरून उतरल्यावर ते त्या मेणाच्या पुतळ्यासमोर बराच वेळ उभे राहिले. दुसऱ्या दिवसापासून वहिनी इथे रोज अकरा वेळा तेच बोलणार होत्या, आणि आपण शेजारी उभे राहून ते ऐकणार होतो. मग त्यांनी दरवाजाच्या टायमरचे झाकण उघडले.

सकाळी पहिली तुकडी तिसऱ्या दालनात शिरली, तेव्हा समोरचा दरवाजा सताड उघडा होता. पलीकडच्या दालनात सोड्याचे रंगीत बुडबुडे नाचत होते. माणसे पुतळ्याकडे न पाहताच तिकडे निघून गेली. काकांना तोंड उघडायची वेळच आली नाही.

"बिघाड झालाय," दुपारी ते बाईंना म्हणाले. "टायमरमधला रिले गेला."

"दुरुस्तीला किती दिवस लागतील?"

"जुन्या बनावटीचा आहे. महिनाभर तरी मिळेलसं वाटत नाही."

याविषयी त्यांची खात्री होती. बाईंशी बोलताना त्यांचा उजवा हात खिशात होता आणि रिले त्या हाताच्या मुठीत होता.